विजेवरचा ट्रक आणि सरकारी अनुदान : जुन्या गाडीच्या भंगारापासून हिरव्या पाटीपर्यंत

दोन-चार किंवा पाच-सात ट्रक बाळगून असलेल्या मालवाहतूकदाराने विजेवरच्या वाहनांच्या खरेदीला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेविषयी ऐकले, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘पैसे माझ्या खात्यात कधी जमा होतील’ असा असतो, आणि पुढच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ याच प्रश्नात आहे. या योजनेत खरेदीदाराच्या खात्यात एक रुपयाही येत नाही. ट्रकच्या किमतीतून अनुदानाची रक्कम विक्रीच्या वेळीच वजा केली जाते आणि ती रक्कम नंतर उत्पादक कंपनी अवजड उद्योग मंत्रालयाकडून वसूल करते. त्यामुळे अर्ज कोठे करायचा यापेक्षा कोणता कागद कोणाच्या आधी तयार हवा हे समजून घेणे मालकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते. पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे आणि तो महाराष्ट्रात ट्रकची नोंदणी करणाऱ्या छोट्या मालकाला समोर ठेवून लिहिला आहे.

आधी योजनेची चौकट पाहू. २९ सप्टेंबर २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या या योजनेची एकूण तरतूद १०,९०० कोटी रुपयांची असून त्यातील ५०० कोटी रुपये विजेवरच्या ट्रकांसाठी राखलेले आहेत. आधीच्या फेम-२ योजनेत बस, रिक्षा, दुचाकी यांना स्थान होते, परंतु अवजड ट्रकांना नव्हते. ट्रकांसाठी केंद्राने थेट खरेदी-अनुदान देण्याची ही पहिलीच वेळ आहे. त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाली आणि साधारण ५,६०० ट्रकांना मदत देण्याचे उद्दिष्ट ठरले, त्यांपैकी सुमारे १,१०० दिल्लीत नोंदल्या जाणाऱ्या ट्रकांसाठी आहेत. योजनेची मुदत आता ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवलेली आहे. मात्र ती निधीने बांधलेली योजना आहे, म्हणजे तरतूद आधी संपली तर मुदत शिल्लक असूनही अनुदान थांबते. ‘२०२८ पर्यंत वेळ आहे’ असे म्हणून निवांत बसणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

सरकार ट्रकांसाठी पैसे का मोजते, याचे उत्तर थोडक्यात देता येते. मंत्रालयाने योजना जाहीर करताना दिलेल्या माहितीनुसार देशातील एकूण वाहनांत डिझेल ट्रकांचे प्रमाण केवळ ३ टक्के आहे, परंतु वाहतूक क्षेत्रातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के आहे. धुराच्या बाबतीत ट्रकचे वय निर्णायक ठरते. भारत स्टेज-३ या जुन्या उत्सर्जन मानकाच्या अवजड इंजिनाला प्रति किलोवॅट-तास ०.१० ग्रॅम कणरूपी प्रदूषकांची मुभा होती, ती १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मध्ये ०.०१ ग्रॅमवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा ५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर उतरली. याचा अर्थ असा, की रस्त्यावर आलेल्या एका स्वच्छ ट्रकइतकीच रस्त्यावरून गेलेल्या एका जुन्या ट्रकला किंमत आहे. योजनेची सर्वांत जाचक वाटणारी अट, म्हणजे जुना ट्रक भंगारात काढण्याची सक्ती, याच विचारातून आलेली आहे. मला ती अट योग्यच वाटते. ती नसती, तर नवा ट्रक बंदरावर आणि जुना ट्रक तालुक्याच्या खडी क्रशरवर, अशी नुसती जागांची अदलाबदल झाली असती.

मार्ग आधी, ट्रक नंतर

अनुदानाच्या आकड्याने हुरळून जाऊन ट्रक निवडण्यापूर्वी मालकाने आपल्या गाड्यांच्या गेल्या तीन-चार महिन्यांच्या फेऱ्या वहीतून काढाव्यात. रोज किती किलोमीटर, एकाच मार्गावर की मिळेल त्या भाड्याने मिळेल तिकडे, भरून जाणे आणि रिकामे येणे यांचे प्रमाण काय, आणि गाडी कोणत्या ठिकाणी सलग दीड-दोन तास उभी राहते, या चार गोष्टी कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. विजेवरच्या ट्रकला ठरावीक मार्ग, ठरावीक थांबे आणि भरपूर फेऱ्या मानवतात. चाकण ते न्हावाशेवा हे सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर, न्हावाशेवा–पनवेल–भिवंडी या पट्ट्यातील कंटेनरची ने-आण, सिमेंट किंवा पोलाद कारखाना ते रेल्वे धक्का अशा कामांत तो शोभतो. सप्टेंबर २०२५ मध्ये न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात बॅटरी बदलता येणाऱ्या विजेवरच्या ट्रकांचा ताफा दाखल झाला तोही अशाच कारणाने, कारण बंदराच्या आवारात गाडी दिवसभर फिरते आणि तरीही कधी दूर जात नाही. उलट आज नाशिकचा कांदा, उद्या कोल्हापूरचा गूळ आणि परवा बंगळूरहून जे मिळेल ते, अशा फिरत्या धंद्यात तूर्त हा ट्रक अडचणीचा ठरतो.

खर्चाचा हिशेब स्वतः मांडून पाहावा, विक्रेत्याच्या छापील तक्त्यावर विसंबू नये. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. समजा, भरलेला डिझेल ट्रेलर लिटरला साडेतीन किलोमीटर जातो आणि डिझेल ९१ रुपये आहे, तर इंधनाचा खर्च किलोमीटरला २६ रुपये पडतो. विजेवरचा ट्रेलर किलोमीटरला १.४ युनिट घेतो आणि युनिट ११ रुपयांना पडते असे धरले, तर खर्च साडेपंधरा रुपयांच्या आत राहतो. फरक ढोबळमानाने १० रुपयांचा. महिन्याला २५ दिवस रोज १५० किलोमीटर धावणारी गाडी वर्षाला ४५,००० किलोमीटर कापते, म्हणजे बचत साडेचार लाखांची. रोज ३५० किलोमीटर धावणारी गाडी १,०५,००० किलोमीटर कापते, म्हणजे बचत साडेदहा लाखांची. डिझेल गाडी ४५ लाखांची आणि विजेवरची १ कोटी १० लाखांची धरली, आणि फरकातून केंद्राचे अनुदान वजा केले, तरी ५५ लाखांच्या पुढे रक्कम उरते. ती पहिल्या गाडीला बारा वर्षांत फिटत नाही, दुसरीला सव्वापाच वर्षे लागतात, आणि यात व्याज धरलेलेच नाही. देखभालीतील बचत, कर आणि विमा यांतील सवलती त्यात मिळवल्या, की चित्र सुधारते. पण रोज दीडशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला कोणतेही अनुदान तारू शकत नाही, हे कागदावर स्पष्ट दिसते.

आणखी दोन बाबी या टप्प्यावरच तपासाव्यात. मोठ्या ट्रेलरच्या बॅटरीचे वजनच दीड-दोन टन असू शकते, म्हणून पासिंगनुसार प्रत्यक्ष किती माल भरता येईल हे नमुन्याच्या कागदावरून पाहावे. वजनावर भाडे घेणाऱ्याला हा फरक दर फेरीला सोसावा लागतो, तर कंटेनरवर भाडे घेणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही. दुसरी बाब घाटाची. खंडाळ्याच्या घाटात चढताना बॅटरी झपाट्याने उतरते आणि उतरताना ब्रेकमधून काही वीज परत मिळते, म्हणून सपाट रस्त्यावरची ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ ही संख्या घाटाच्या मार्गाला लावू नये; भरलेल्या गाडीने आपल्याच मार्गावर चाचणी फेरी मागावी आणि ती न देणाऱ्या विक्रेत्याकडे पुढची बोलणी करू नयेत.

जुन्या ट्रकचे प्रमाणपत्र

अनुदानाचे खरे दार येथे आहे. जुना ट्रक गावच्या भंगारवाल्याला विकून त्याची पावती दाखवली, तर त्या पावतीचा या योजनेत काहीही उपयोग होत नाही. ट्रक नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच जमा करावा लागतो आणि त्या केंद्राकडून ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ म्हणजे जमा प्रमाणपत्र मिळवावे लागते. ही केंद्रे २३ सप्टेंबर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार चालतात आणि त्यांचे काम परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीशी जोडलेले असते, त्यामुळे प्रमाणपत्र खरे की खोटे हे नव्या ट्रकच्या विक्रीच्या वेळी संगणकावरच तपासता येते.

केंद्रात गाडी नेण्यापूर्वी तिचे कागद साफ करून घ्यावेत, आणि या कामाला मालकाच्या कल्पनेपेक्षा जास्त दिवस लागतात. सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे नोंदणी पुस्तकावर राहून गेलेला बँकेचा बोजा. कर्ज पाच वर्षांपूर्वीच फिटलेले असते, परंतु बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दाखल करून बोजा उतरवायचे कोणी मनावर घेतलेले नसते. मधल्या काळात वित्तपुरवठा करणारी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असली, तर ते पत्र मिळवण्यातच महिना जातो. थकलेला वाहन कर, भरायचे राहिलेले ई-चलान, वडिलांच्या नावावर असलेली आणि वारसांच्या नावावर न चढलेली गाडी, इंजिन बदलले पण पुस्तकात नोंद नाही, अशा प्रत्येक गोष्टीपाशी अर्ज अडतो. म्हणून नव्या ट्रकची बोलणी सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी जुन्या ट्रकचे पुस्तक काढून ‘वाहन’ पोर्टलवर त्याची स्थिती पाहावी, ही या संपूर्ण लेखातील माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे.

कागद साफ झाल्यावर भंगार केंद्रासाठीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. एकापेक्षा अधिक केंद्रांकडून दर मागवावेत, कारण भंगाराची किंमत केंद्रागणिक बदलते. टायर, बॅटरी, ताडपत्री, बॉडी या वस्तू दरात धरल्या आहेत की नाही हे लेखी घ्यावे आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च कोणाकडे तेही ठरवावे. गाडी ताब्यात देताना चासी क्रमांकासह छायाचित्रे काढून ठेवावीत. प्रमाणपत्र हाती आल्यावर त्यावरील मालकाचे नाव, गाडी क्रमांक, चासी क्रमांक आणि एकूण भारित वजन अक्षरशः बोट ठेवून वाचावे. नव्या ट्रकच्या वजनाशी जुन्या ट्रकच्या वजनाची सांगड घातली जाते, म्हणून ७ टनी टेम्पोच्या प्रमाणपत्रावर ५५ टनी ट्रेलरचे अनुदान मागण्याचा खटाटोप करू नये, आणि शंका असल्यास दोन्ही आकडे विक्रेत्याला दाखवून त्याचे उत्तर ई-मेलने घ्यावे.

ज्याच्याकडे भंगारात काढण्याजोगा ट्रक नाही, त्याच्यासाठीही वाट आहे. ही जमा प्रमाणपत्रे हस्तांतरणीय आहेत आणि डिजी-ईएलव्ही या पोर्टलवर त्यांची रीतसर खरेदी-विक्री होते. दलालाच्या हातून ‘प्रमाणपत्र मिळवून देतो’ अशा बोलीवर रोख रक्कम देण्यापेक्षा याच मार्गाने जावे. विकत घेतलेल्या प्रमाणपत्राची किंमत अनुदानातून मनातल्या मनात वजा करून मगच फायदा मोजावा.

कोटेशन वाचण्याची रीत

विक्रेत्याकडे पहिला प्रश्न हा विचारावा, की हा नमुना आजच्या तारखेला पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मान्यताप्राप्त आहे काय. योजनेत सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवण्याची अट आहे आणि ती पाळल्याचे प्रमाणपत्र नमुन्यानिहाय दिले जाते; एकाच कंपनीचा एक ट्रक पात्र आणि दुसरा अपात्र असू शकतो. फेम-२ च्या काळात काही दुचाकी उत्पादकांनी हीच अट मोडल्याचे उघड झाले, सरकारने त्यांची देणी रोखली आणि दिलेले पैसे परत मागितले. तेव्हापासून मंत्रालय ताकही फुंकून पिते, आणि छाननीला लागणारा वेळ पाहता ते विक्रेत्यांच्या चांगलेच अंगवळणी पडलेले दिसते.

अनुदान मोजताना तीन आकडे काढून त्यांतील सर्वांत लहान घ्यायचा असतो. पहिला आकडा बॅटरीच्या क्षमतेचा, किलोवॅट-तासाला ५,००० रुपये. दुसरा कारखान्यातील किमतीच्या १० टक्क्यांचा. आणि तिसरा त्या वजनगटासाठी ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेचा. साडेतीन ते बारा टनांपर्यंतचा एन-२ गट आणि बारा ते पंचावन्न टनांपर्यंतचा एन-३ गट असे दोन मोठे भाग असून त्यांच्या पोटात वजनानुसार वेगवेगळ्या मर्यादा आहेत, आणि कोणत्याही ट्रकला ९.६ लाख रुपयांपेक्षा जास्त मिळत नाही. समजा, ६० किलोवॅट-तासाची बॅटरी असलेला सात टनी ट्रक कारखान्यात २२ लाखांना आहे. बॅटरीच्या हिशेबाने ३ लाख निघतात, किमतीच्या हिशेबाने २.२ लाख, म्हणून हाती येणार २.२ लाखच. अडीचशे किलोवॅट-तासाच्या, १ कोटी १० लाखांच्या ट्रेलरला बॅटरीनुसार १२.५ लाख आणि किमतीनुसार ११ लाख येतात, परंतु दोन्ही आकडे कमाल मर्यादेच्या वर असल्यामुळे मर्यादाच लागू होते. ट्रेलरच्या बाबतीत अनुदान फक्त ओढणाऱ्या भागाला, म्हणजे चालक मंडळी ज्याला घोडा म्हणतात त्यालाच आहे. मागच्या ट्रॉलीची किंमत त्यात मिसळून दाखवलेले कोटेशन परत करावे.

कोटेशनमध्ये कारखान्यातील किंमत, जीएसटी, अनुदान आणि अनुदान वजा जाता देय रक्कम या चार ओळी स्वतंत्र असाव्यात. ‘सर्व सवलती धरून इतके’ अशी एकच गोळाबेरीज स्वीकारू नये, कारण कंपनीची स्वतःची सवलत आणि सरकारी अनुदान यांची सरमिसळ झाली, की उद्या काय मिळाले नाही हे सिद्ध करता येत नाही. त्याहून महत्त्वाची अट लेखी घालून घ्यावी, ती अशी : पोर्टलवर दावा नामंजूर झाला किंवा निधी संपला, तर फरकाची रक्कम कोण भरणार. काही विक्रेते ‘तसे झाल्यास ग्राहक भरेल’ असे वाक्य बारीक अक्षरात घालतात. खरेदीदाराची कागदपत्रे बरोबर असूनही उत्पादकाच्या चुकीने दावा अडला, तर त्याचा भार खरेदीदारावर येऊ नये, इतके तरी त्या वाक्यात बदलून घ्यावे.

हमीची कलमे योजनेनेच ठरवून दिली आहेत : बॅटरीला पाच वर्षे किंवा पाच लाख किलोमीटर, वाहनाला आणि मोटरला पाच वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटर, यांतील जे आधी येईल ते. वरच्या उदाहरणातील वर्षाला १,०५,००० किलोमीटर धावणारी गाडी पाहिली, तर तिच्या मोटरची हमी अडीच वर्षांच्या आतच संपते, आणि बॅटरीची हमी पाच वर्षांच्या जरा आधी, म्हणजे गुंतवणूक फिटण्याच्या सुमारास. ज्यांना हा ट्रक परवडतो त्यांचीच हमी सर्वांत लवकर संपते, हा यातील विरोधाभास आहे. म्हणून किमतीत पन्नास हजार कमी करून घेण्यासाठी घासाघीस करण्याऐवजी मोटर आणि कंट्रोलरची हमी वाढवून घेण्यासाठी तीच ताकद खर्च करावी.

राज्याचा वाटा, कर आणि टोल

महाराष्ट्राचे इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५ हे मे २०२५ च्या शासन निर्णयाने लागू झाले असून ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात मालवाहू वाहनांसाठी मूळ किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, परंतु प्रत्येक प्रकारासाठी वाहनांची संख्या आणि रकमेची मर्यादा ठरलेली आहे. आपल्या गटात जागा शिल्लक आहे की नाही हे विक्रेत्याने पोर्टलवर दाखवल्याशिवाय ही रक्कम हिशेबात धरू नये. धोरणाच्या काळात विकल्या व नोंदल्या गेलेल्या विजेवरच्या वाहनांना मोटार वाहन कराची माफी आहे. केंद्राच्या ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्कही माफ केलेले आहे.

टोलच्या बाबतीत मात्र फार मोठा गैरसमज पसरलेला आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे दिलेली टोलमाफी विजेवरच्या मोटारी आणि बस यांना आहे, मालवाहू ट्रकांना नाही. स्वच्छ ट्रकांना प्रोत्साहन द्यायचे म्हणणाऱ्या राज्याने सर्वांत जास्त टोल भरणाऱ्या गाडीलाच यातून वगळावे, हे धोरण मला उलटे वाटते. पण आजचा नियम तसा आहे, तेव्हा विक्रेत्याने आपल्या तक्त्यात टोलची बचत दाखवली असल्यास ती ओळ खोडून टाकावी.

जीएसटीचा विचार अनेक मालक करत नाहीत, आणि तेथे खरी रक्कम दडलेली असते. विजेवरच्या वाहनावर जीएसटी ५ टक्के आहे; डिझेल ट्रकवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जो मालवाहतूकदार ग्राहकाकडूनच कर भरून घेण्याच्या पद्धतीने काम करतो, त्याला ट्रकवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्याच्यासाठी ४५ लाखांच्या डिझेल गाडीवरचे ८.१ लाख आणि १ कोटी १० लाखांच्या विजेच्या गाडीवरचे ५.५ लाख हा थेट खिशाला लागणारा फरक आहे. जो १८ टक्के लावून वजावट घेतो, त्याला हा फरक फारसा उरत नाही. आयकरातील घसारा, जो विजेवरच्या वाहनांना भाड्याच्या डिझेल ट्रकपेक्षा अधिक दराने मिळत आला आहे, तोही आपल्या सनदी लेखापालाला विचारून त्या वर्षाच्या नियमाप्रमाणे मांडून घ्यावा. त्रयस्थ पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट २०२२ पासून आहेच.

कर्जासाठी बँकेकडे जाताना अनुदान वजा केलेली किंमतच प्रकल्प-किंमत म्हणून दाखवावी. बँकेचा अधिकारी बहुधा एकच शंका काढतो, की पाच वर्षांनी हा ट्रक कोण घेईल. त्याला उत्तर म्हणून कारखान्याशी किंवा बंदरातील ग्राहकाशी झालेला वाहतुकीचा करार दाखवता आला, तर व्याजदरातही फरक पडतो. करार नसेल, तर या ट्रकच्या वाटेला जाऊच नये, असे माझे मत आहे.

वीज आणणे

ट्रकसाठी लागणारा जलद चार्जर १२० ते २४० किलोवॅटचा असतो आणि तो गोदामाच्या साध्या जोडणीवर चालत नाही. त्यासाठी महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी उच्चदाब जोडणी व स्वतंत्र रोहित्र लागते. या कामाला ट्रक येण्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज ट्रकच्या आगाऊ रकमेच्या आधी टाकावा. पीएम ई-ड्राइव्हमध्ये चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये आहेत, पण ते सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी. मालकाच्या स्वतःच्या यार्डातील चार्जरचा खर्च त्यातून निघेल असे धरू नये. एक-दोन ट्रकच घेणाऱ्याने स्वतःचा चार्जर बसवण्याऐवजी मार्गावरील केंद्राशी किंवा बॅटरी बदलून देणाऱ्या कंपनीशी युनिटचा दर ठरवून करार करावा. दर किती काळ बांधलेला आहे ते त्यात पाहावे. वरचा सगळा हिशेब ११ रुपयांच्या युनिटवर उभा आहे आणि तेच युनिट १८ रुपयांना पडू लागले, तर बचतीचे काहीच उरत नाही.

गाडी ताब्यात घेताना

विक्रीच्या दिवशी विक्रेता पोर्टलवर खरेदीदाराची नोंद करतो, ओळख पडताळली जाते आणि जमा प्रमाणपत्राचा क्रमांक जोडला जातो. नाव तिन्ही ठिकाणी, म्हणजे प्रमाणपत्रावर, बीजकावर आणि नोंदणी अर्जावर, एकसारखे असावे. प्रमाणपत्र वैयक्तिक नावावर आणि नवा ट्रक भागीदारी संस्थेच्या नावावर, अशी स्थिती असल्यास आधी प्रमाणपत्राचे रीतसर हस्तांतरण करून घ्यावे. बीजकावर अनुदानाची रक्कम छापलेली आहे याची खात्री करूनच सही करावी आणि दाव्याच्या नोंदीची प्रत तिथल्या तिथे मागून घ्यावी.

नोंदणीनंतर ट्रकला हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांची पाटी मिळते. १८ ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार बॅटरीवरच्या परिवहन वाहनाला परवान्याची गरज नाही, त्यामुळे नॅशनल परमिटचा खर्च वाचतो. योग्यता प्रमाणपत्र आणि विमा मात्र नेहमीसारखे लागतात. नाक्यावरच्या प्रत्येकाला हे ठाऊक असतेच असे नाही, म्हणून अधिसूचनेची छापील प्रत चालकाजवळ द्यावी.

हिशेब जमत नसेल तर

ज्याच्या फेऱ्या विजेच्या ट्रकला साजत नाहीत, त्यालाही जुन्या गाडीच्या जमा प्रमाणपत्राचा उपयोग आहे. ते दाखवून भारत स्टेज-६ चा डिझेल किंवा सीएनजी ट्रक घेतला, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तरतुदीप्रमाणे परिवहन वाहनाला मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत, आठ वर्षांपर्यंत सवलत देता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये व्यापारी वाहनांच्या उत्पादकांनी केंद्रीय परिवहन मंत्र्यांसोबतच्या बैठकीनंतर साडेतीन टनांवरील वाहनांना ३ टक्के सूट देण्याचे दोन वर्षांसाठी मान्य केले होते; कोटेशन घेताना ती चालू आहे का ते विचारावे. उत्तरेकडे माल नेणाऱ्यांना तर फार काळ थांबताही येणार नाही, कारण दिल्लीबाहेर नोंदलेल्या भारत स्टेज-३ आणि त्याहून जुन्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद झाला असून भारत स्टेज-४ च्या गाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच मुभा दिलेली आहे.